व्हर्नाबाईंच्या वहीत पाच

आमच्या गावात कुणी कुणाचं कौतुक करत नाही. फारच झालं तर "वाईट नाही" म्हणतात, तेही दुसऱ्या दिवशी आणि दुसरीकडे बघत. त्यामुळे व्हर्ना हूकस्ट्रा या बाईंविषयी न्यू लायडनमधले लोक "व्हर्नाचा आकडा आहे ना, मग झालं" म्हणायचे, तेव्हा मला ते कौतुक आहे हेच पहिली दोन वर्षं समजलं नव्हतं. नंतर समजलं, की आयोवाच्या या कोपऱ्यात याच्यापेक्षा मोठी पदवी नाही.

मी इथल्या कॉलेजात सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतो आहे. माझं नाव मुकुंद, पण पहिल्याच आठवड्यात गावाने त्याचं मॅक करून टाकलं आणि माझ्याकडून काही तक्रार येत नाही म्हटल्यावर तेच कायम झालं. सोळा वर्षांपूर्वी बायको गेली, त्या वर्षी डीनने मला बोलावून विचारलं, "मॅक, तुला बटणं दाबता येतात ना?" बास्केटबॉलच्या स्कोअरबोर्डवर बसणारा माणूस गाव सोडून गेला होता. माणसाने हिवाळ्यात घरात एकटं बसू नये असं डीनला म्हणायचं होतं, पण तसं म्हणायची इथे पद्धत नाही, म्हणून बटणं. अशा रीतीने मी मुलींच्या संघाच्या सामन्यांना टेबलावर बसायला लागलो, आणि माझ्या डाव्या हाताला व्हर्नाबाई आल्या. त्यांना सगळं गाव नुसतं व्हर्ना म्हणतं. मीही तोंडावर तेच म्हणतो. पण मनात माझ्याकडून त्यांना 'बाई' लागतंच, त्याला माझा इलाज नाही.

त्या गावाबाहेर बारा मैलांवर शेतावर वाढल्या. त्यांच्या काळी आयोवाच्या शाळांत मुलींचा बास्केटबॉल सहा जणींचा असे. मैदानाच्या मध्यावर रेघ. तीन मुली रेघेच्या अलीकडे, त्यांनी फक्त अडवायचं. तीन पलीकडे, त्यांनी फक्त बास्केट करायचे. रेघ ओलांडायची नाही. व्हर्नाबाई चार वर्षं अलीकडे होत्या. "चार वर्षं शाळेकडून खेळले आणि बास्केटकडे एकदाही चेंडू फेकला नाही," त्या सांगत. मी विचारलं, "कधी वाटलं नाही, फेकावा?" तर म्हणाल्या, "मला कुठे सांगितलं होतं फेकायला?"

लग्नानंतर त्या धान्याच्या कोठारावर ट्रकच्या काट्यावर बसल्या, त्या अडतीस वर्षं उठल्या नाहीत. मक्याचा भरलेला ट्रक काट्यावर यायचा, व्हर्नाबाई वजन लिहून चिठ्ठी खिडकीतून द्यायच्या, आणि शेतकरी ती न बघता खिशात घालायचा. न बघता, हे महत्त्वाचं. एकदा सरकारी तपासनीस अचानक काटा तपासायला आला. व्हर्नाबाईंनी त्याला दारातच सांगितलं, "मंगळवारच्या थंडीपासून वीस पौंड जास्त दाखवतोय. मी प्रत्येक चिठ्ठीत वजा करतेय." त्याने दोन तास खपून तपासलं. वीसच निघाले. त्या दिवसापासून गावाने तपासणं हा प्रकारच सोडून दिला.

कॉलेजच्या मुलींचा संघ निघाला त्या वर्षापासून, म्हणजे सत्तेचाळीस वर्षं, सामन्याची अधिकृत वही त्यांच्याकडे. कोणी किती गुण केले, कुणाचे किती फाऊल झाले. पाचवा फाऊल झाला की ती मुलगी त्या सामन्यापुरती बाहेर, आणि पाचवा झाला हे रेफरीला सांगायचं काम वहीवाल्याचं. बोर्डवर मी काहीही दाबलं तरी खरं ते वहीतलं. अंगात रेफरीसारखा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, समोर चार टोकदार पेन्सिली, गालात पेपरमिंटची गोळी. गावच्या चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की बाकावरून गोळ्या फिरतात. व्हर्नाबाईंना सामनाही तितकाच गंभीर वाटत असावा.

टेबलावर टाळी वाजवायची नाही, हा नियम. टेबल कुणाच्या बाजूचं नसतं. माझ्या पहिल्याच सामन्यात मी आनंदाने टाळी वाजवली तर माझ्या गुडघ्याला पेन्सिलीचं टोक लागलं.

"या टेबलावर हात कामाला असतात, मॅक."

"एकच वाजवली हो."

"एकच दिसते सगळ्यांना."

मग त्यांची नात आली. ब्रिन. लेक-जावई तिकडे डेन्व्हरला, पण मुलीला आजीच्या गावातल्या कॉलेजात यायचं होतं. चार वर्षं ती आजीच्या घरी वरच्या खोलीत राहिली, आणि चार वर्षं बारा नंबरचा शर्ट घालून आजीच्या नाकासमोर खेळली. चेंडू पुढे न्यायचा तो तिनेच. बुटकी, हडकुळी, जिभेची तिखट. व्हर्नाबाईंनी तिच्यासाठी कधी भुवईसुद्धा उचलली नाही. मी दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला असतो, तेव्हा टेबलावर हे ठरलेलं असायचं.

"आजी, काल चोवीस केले मी."

"तेवीस. एका फ्री थ्रोला पाय रेघेवर होता."

"रेफरीने दिला ना पण!"

"दिला म्हणून वहीत चोवीस आहेत. केलेस तेवीस. बटाटे घे."

मला गंमत वाटायची. ब्रिनलाही वाटत असावी, पण एकदा भांडी आवरताना ती मला हळूच म्हणाली, "मॅक, मी आजीची नसते ना, तर आजीने मला नक्की 'वाईट नाही' म्हटलं असतं." मी हसून सोडून दिलं. तेव्हा थोडा विचार करायला हवा होता.

गेल्या जानेवारीची गोष्ट. संघात तेरा मुली होत्या. नोव्हेंबरात दोघींचे गुडघे गेले, ख्रिसमसआधी एकीचं बोट मोडलं, आणि नवीन वर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात ताप आला तो वसतिगृहात दार न वाजवता एकेका खोलीत शिरला. गुरुवारी आठ राहिल्या, शुक्रवारी सात, शनिवारी सकाळी सहा. आणि शनिवारी दुपारी सामना कुणाशी, तर सेंट ओडिल कॉलेजशी. देशात दुसरा क्रमांक. गेल्या हिवाळ्यापासून एकही सामना हरलेला नाही. आमच्या कोच डेबबाईंनी सामना पुढे ढकलायची विनंती केली. वरून उत्तर आलं, पाच मुली उभ्या राहू शकत असतील तर खेळा.

ब्रिनचं हे शेवटचं वर्ष. उन्हाळ्यात ती ओमाहाला नर्स म्हणून जायची होती, मग बास्केटबॉल संपला. या सेंट ओडिलकडून ती सात वेळा हरली होती. पंधरा गुणांनी, तीसने, एकदा तर चव्वेचाळीस गुणांनी. "एकदा," ती म्हणायची, "एकदाच मला त्यांना हरताना बघायचंय, आणि मैदानात उभं राहून बघायचंय. मग मी आयुष्यभर गपगुमान बेडपॅन उचलेन." हा आठवा आणि शेवटचा सामना होता. नशीब बघा, सहा मुलींनिशी.

सामन्याआधी ब्रिन नावं तपासायला टेबलाशी आली.

"आजी, आज सहाच नावं. हात दुखणार नाही तुझा."

"सात रेघा रिकाम्या राहिल्या," व्हर्नाबाई म्हणाल्या. "बरं दिसत नाही."

"मी सातही भरते. नंबर सांग नुसते."

"जा. कोपरं आत ठेव. हात मारायची सवय आहे तुला."

ब्रिन डोळे फिरवत गेली. व्हर्नाबाईंच्या उजवीकडे मी, डावीकडे सेंट ओडिलचा वहीवाला ग्लेन. हा ट्रॅक्टर विकतो, पोटाने मोठा, स्वभावाने गरीब. पाहुण्यांची एक वेगळी वही असते, ती त्याच्याकडे. त्यांच्या बाकावर दोन ओळींत पंधरा मुली, कोऱ्या गणवेशात. आमच्या बाकावर एक मुलगी आणि एक पाण्याचा डबा. ग्लेन ते बघून म्हणाला, "व्हर्ना, आमच्या दोघी-तिघी घेऊन जा हव्या तर, मोजायला कुणी येत नाही." व्हर्नाबाई म्हणाल्या, "मी मोजते." ग्लेन एकटाच हसला.

डेबबाईंनी एकच गोष्ट सांगून मुलींना पाठवलं होतं: घाई करू नका. ब्रिनने चेंडू अक्षरशः कुरवाळत ठेवला. फेकायला मिळणारी तीस सेकंदं संपत आली की मगच फेकायचा. सेंट ओडिलच्या मुलींना वेगाची सवय. त्या चिडल्या, आणि चिडल्या तशा चुकल्या. सामन्याच्या चारपैकी पहिल्या भागानंतर आम्ही चार गुणांनी मागे. दुसऱ्यानंतर तीन. बाकांवरचे लोक, जे दोन तास हाताची घडी घालून बसतात आणि त्याला पाठिंबा म्हणतात, ते उभे राहिले. तापातून उठलेली एक मुलगी पांघरूण घेऊन आली आणि गावातल्या मेकॅनिकच्या मांडीवरच बसली, त्यालाही चाललं. माझे हात टेबलाखाली एकमेकांना धरून होते. व्हर्नाबाईंची पेन्सिल मात्र काट्यावर चालायची तशीच चालत होती.

तिसऱ्या भागात ते घडलं. चेंडू सुटला, चौघी-पाचजणी त्याच्यावर पडल्या, हात, पाय, वेण्या, सगळा गुंता. शिटी. उंच रेफरी बाई आमच्याकडे धावत आली आणि दोन्ही हातांची बोटं दाखवून तिने नंबर सांगितला. लोक इतके ओरडत होते की शब्द ऐकूच आला नाही. मी एकवीस दाबला. एकवीस म्हणजे टेसा, आमची धिप्पाड मुलगी. व्हर्नाबाईंनी त्यांच्या वहीत लिहिलं. त्यांनी काय लिहिलं ते मी बघितलं नाही. कधीच बघत नसे.

एरवी प्रत्येक भाग संपला की व्हर्नाबाई हळू आवाजात फाऊल वाचून दाखवतात आणि मी बोर्डशी ताडून बघतो. सोळा वर्षांत एकदाही ते चुकलं नाही. पण त्या दिवशी तिसऱ्या भागाचा भोंगा वाजला त्याच क्षणाला आमची सहावी मुलगी दुसरीच्या पायावर उतरली आणि तिचा घोटा वाकडा झाला. ती किंचाळली. डेबबाई धावल्या, व्हर्नाबाई जागेवरून उठल्या. त्या टेबलावरून उठलेल्या मी प्रथमच बघत होतो. मुलीला उचलून आत नेईपर्यंत रेफरीने चेंडू हातात घेतला होता. वाचून दाखवायचं राहिलं.

आता पाचच. आमच्या बाकावर कुणी नाही, पाण्याचा डबा फक्त.

आणि तरीही त्या मागे हटल्या नाहीत. मी खोटं सांगत नाही. सेंट ओडिलचा कोच गळ्यातला टाय सोडत होता. सव्वातीन मिनिटं राहिली होती, आम्ही एका गुणाने मागे. त्यांची एक मुलगी निसटली आणि ब्रिनने तिला अडवताना मनगटावर हात मारला. स्पष्ट फाऊल. मी बारा दाबला. बोर्डवर ब्रिनच्या नावापुढे चार आले. मनात म्हटलं, आता जपून, पोरी.

व्हर्नाबाईंचा हात वर गेला. पाचही बोटं पसरलेली.

"पाच," त्या म्हणाल्या. "बारा नंबर. बाहेर."

रेफरी बाई टेबलाशी आली. बोर्डकडे बघितलं. "इथे चार दिसतायत."

"वहीत पाच आहेत."

ग्लेनने आपली वही पुढे सरकवली आणि डोकं खाजवलं. "माझ्याकडेही चारच आहेत," तो म्हणाला. मग अवघडून पुढे म्हणाला, "पण माझ्या आणि व्हर्नाच्या वहीत फरक असेल, तर चूक माझीच असते. मी हे कुठेही सांगेन."

रेफरी माझ्याकडे वळली. "बोर्ड कोण चालवतंय? तुम्हाला खात्री आहे?"

आता हे मला नीट सांगू द्या. मला आठवत होतं. मघाच्या गुंत्यात मी दोन आणि एक दाबला होता, हे माझ्या बोटाला आठवत होतं. मी रसायनशास्त्राचा माणूस, आयुष्यभर पोरांना सांगत आलो की दोन मोजमापांत फरक आला की तिसऱ्यांदा मोजा. वहीतल्या टेसाच्या ओळीवर नजर टाकली असती तरी भागलं असतं. पण डाव्या हाताला व्हर्नाबाई बसल्या होत्या, आणि वही त्यांची होती.

"माझंच एक दाबायचं राहिलं असेल," मी म्हणालो.

डेबबाई धापा टाकत आल्या. त्यांची आकडे ठेवणारी मुलगी तापाने घरी पडली होती, त्यांच्या हातात काहीच कागद नव्हता. "काय झालं?"

"ब्रिनचे पाच," रेफरी म्हणाली. "बोर्ड चार म्हणतोय."

डेबबाईंनी व्हर्नाबाईंकडे बघितलं. मग खांदे पाडले. "व्हर्नाकडे पाच असतील, तर पाच."

मैदानात टेसा उभी होती. तिचं तोंड उघडं होतं आणि एक हात अर्धवट वर. मला वाटलं, दमलीय.

मी माझ्या बोटाने चारचा पाच केला.

 चार बोटं दाखवून ब्रिनने एकदा आजीकडे बघितलं, विचारल्यासारखं. व्हर्नाबाई वहीत बघत होत्या. मग ती आमच्या टेबलाला लागून असलेल्या बाकावर येऊन बसली, आख्ख्या बाकावर एकटी, आजीपासून चार हातांवर. टॉवेल डोक्यावरून घेतला. मी इतक्या वर्षांत पुष्कळ मुलींना रडताना बघितलंय, पण रडणाऱ्या मुलीशेजारी कुणीतरी असतं. हिच्याशेजारी बसायलासुद्धा कुणी शिल्लक नव्हतं. व्हर्नाबाईंना हात लांब करता आला असता, पण टेबलाचा नियम तुम्हाला सांगितलाच आहे.

राहिलेली सव्वातीन मिनिटं चार मुली पाचजणींशी खेळल्या. चेंडू पुढे न्यायला कुणी नव्हतं. टेसा न्यायचा प्रयत्न करायची आणि तो तिच्या पायाला लागून बाहेर जायचा. आम्ही आठ गुणांनी हरलो. प्रत्येक गुण व्हर्नाबाईंनी लिहिला, सुबक. शेवटी रेफरीने सही केली आणि वही मिटली. सही झाली की त्यात टिंबही बदलत नाही. जाताना ग्लेनने टोपी काढून म्हटलं, "तुमच्या पोरी वाईट नाहीत." त्याच दिवशी, तोंडावर. मला गलबलून आलं.

ब्रिन त्या रात्री घरी गेली नाही, टेसाकडे राहिली.

रविवारी सकाळी गाव चर्चला जातं तेव्हा मी घरी असतो. कॉफी घेऊन मी सामन्याचं चित्रण लावलं. खरं तर लावणार नव्हतो. तिसरा भाग, तो गुंता, शिटी. रेफरी बाई कॅमेऱ्याकडे तोंड करून धावत येते. एका हाताची दोन बोटं, दुसऱ्या हाताचं एक. एकवीस. मी मागे नेऊन पुन्हा बघितलं, मग आणखी चारदा. ज्या मुलीच्या दंडावर हात पडला तो हात टेसाचाच होता, आंधळ्यालाही दिसला असता. ब्रिन त्यांच्या मागे, चेंडूवर. तिने कुणाला स्पर्शही केला नव्हता.

कॉफी गार झाली. आता हे सांगून काय होणार होतं? निकाल बदलत नाही. ब्रिनचा नववा सामना येत नाही. सांगितलं तर एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईचं एवढं एकच जे काही आहे ते मोडायचं. न सांगावं तर मी काल खोटं बोललो त्यावर आज झाकण घालायचं. मी कोट चढवला आणि जेवायला गेलो, दुसरं काय करणार.

व्हर्नाबाईंनी नेहमीसारखा रोस्ट केला होता, बटाटे कुस्करले होते, आणि हिरव्या जेलोत, म्हणजे गोड जेलीत, गाजर किसून घातलं होतं, ज्याला इथे सॅलड म्हणतात आणि मी सव्वीस वर्षं नाइलाजाने खातो. तीन ताटं मांडली होती. प्रार्थनेच्या आधी मागचं दार वाजलं आणि ब्रिन आली. डोळे सुजलेले. कोट न काढताच बसली.

बटाटे फिरले.  मग ब्रिन ताटात बघत म्हणाली, "आजी, ते तिसऱ्या भागातलं फाऊल. सगळ्या पडलो ते. माझंच होतं ते."

व्हर्नाबाईंनी सुरी खाली ठेवली.

"माझा हात लागला होता तिला," ब्रिन म्हणाली. "मला तेव्हा कळलं नाही, पण लागला होता. म्हणजे पाचच होते. वही बरोबर होती. एवढंच सांगायला आले."

 रात्रभर टेसाच्या खोलीत होती ती. टेसाने तिला सांगितलं असणार, रडत सांगितलं असणार. या पोरीने तिथून इथपर्यंत बर्फातून चालत येताना काय म्हणायचं ते ठरवलं होतं.

"हं," व्हर्नाबाई म्हणाल्या. "ग्रेव्ही घे. गार होतेय."

ब्रिनने घेतली. दोन घास खाल्ले, मग झोप आलीय म्हणाली आणि उठली. जाता जाता आजीच्या खांद्यावर तिने क्षणभर हनुवटी टेकली. जिन्यावर पावलं वाजली, वरचं दार लागलं.

व्हर्नाबाई सिंकशी उभ्या राहिल्या. मी फडकं घेतलं. त्या धुतात, मी पुसतो, हे आमचं ठरलेलं आहे.

"ती खोटं बोलली," नळ चालू ठेवून त्या म्हणाल्या.

मी बशी पुसत राहिलो.

"काल घरी येऊन वही उघडली. कधी उघडत नाही, काल उघडली. टेसाच्या ओळीत दोन फाऊल आहेत. आख्ख्या सामन्यात टेसाचे दोन! ती मुलगी चर्चच्या जेवणाच्या रांगेतसुद्धा दोघांना ढकलल्याशिवाय राहत नाही. ते दोन बघितले आणि मला कळलं."

"तो गोंधळच तसा होता, व्हर्ना. कुणाचीही—"

"गोंधळ नव्हता. रेफरी माझ्यासमोर उभी होती. पण ती हात वर करायच्या आधीच मी बारा लिहायला घेतलं होतं." त्यांचे हात पाण्यात थांबले. "चार वर्षं हेच करतेय मी. शिटी वाजली की आधी ब्रिनकडे बघते, हिनेच केलं असेल म्हणून. नातीला सोडते असं कुणी म्हणू नये. चार वर्षांत त्या टेबलावरून मी तिला काही दिलं नाही, मॅक. एक टाळी नाही. आणि दिलं ते दुसरीचं फाऊल."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. बायको गेली तेव्हा या बाई माझ्या घरी येऊन न बोलता तीन तास बसल्या होत्या. मला तसं बसतासुद्धा येत नव्हतं.

"तुझ्या बोर्डवर चार होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"तू एकवीस दाबलं होतंस."

"हो."

"आणि तिने विचारलं तेव्हा तुला ते आठवत होतं."

"आठवत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"वही तुमची होती म्हणून," मी म्हणालो. "तुम्ही चुकत नाही म्हणून."

त्यांनी नळ बंद केला.  "ग्लेनकडे तर चार लिहिलेले होते, तोही हेच म्हणाला. डेबसुद्धा. टेसाला तर माहीतच होतं, ती नुसती उभी राहिली." त्यांनी ओले हात एप्रनला पुसले, पुन्हा पुसले. त्यांचा आवाज चढला नाही, पण तो मला ओळखू येईना. "सत्तेचाळीस वर्षं रे. एकाने तरी म्हणायचं होतं, व्हर्ना, परत बघ. एकदा. मी बघितलं असतं."

मी हातातली बशी परत एकदा पुसली.

"मी बघितलं असतं," त्या म्हणाल्या, आणि पुढची बशी माझ्या हातात दिली.